आतला आकडा

व्होरूच्या दक्षिणेला, डांबर संपून खडी लागते
तिथे माइमू बाईंचं घर. पिवळं; एकच खिडकी निळी,
उरलेला रंग असेल.
बर्चची सहा घनमीटर लाकडं मी अंगणात ओतली
आणि टोपी न काढताच म्हणालो,
"दोन वर्षं वाळलेली आहेत, बाई."

खोटं होतं.
जूनमध्ये तोडलेली झाडं ती.
मार्चच्या आत, रस वर चढायच्या आधी,
खोड झोपेत असताना घाव घालायचा,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण मार्चमध्ये मी फिनलंडात होतो,
दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा करत.
परतलो तेव्हा पानं तळहाताएवढी झाली होती
आणि करवतीच्या दातांना पाणी सुटत होतं.

बाईंनी एप्रनच्या खिशातून मापक काढलं,
साबणाच्या वडीएवढं, पुढे दोन सुया.
आठवीत रसायनाच्या तासाला
अशाच खिशातून लिटमसचा कागद निघायचा.
टोकाला टोचलं. एकोणीस.
"बघा," मी म्हणालो.
"बघते. कुऱ्हाड दे."

टोक काय, वाऱ्यात तोंड करून कुणीही वाळतं.
त्यांनी ओंडका उभा केला, एका घावात फोडला
(वय त्र्याहत्तर, डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं),
आणि ताज्या पांढऱ्या पोटात सुया रुतवल्या.
काकडी चिरल्यासारखा वास आला.
एकतीस.

"टार्वो, शाळेतही तुला एकतीसच होते ना?"
"अठ्ठावीस, बाई."
"मग प्रगती आहे."

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणणाऱ्याने
आमचा फेब्रुवारी पाहिलेला नाही.
उणे चोवीसात ओलं जळत नाही.
ते टोकांना फेस आणतं, फुसफुसतं,
सुक्याने दिलेली ऊब
स्वतःचं पाणी उकळण्यात उडवतं,
आणि धुराड्याच्या आत काजळी थापत जातं, डांबरासारखी,
जी एका रात्री पेटते
तेव्हा छतावरून इंजिन गेल्यासारखा आवाज होतो.
पलीकडच्या एंडेलचं घर असंच गेलं.
चूल तेवढी उभी राहिली, तिच्यावर किटली.
त्याला लाकूड कुणी विकलं होतं,
ते बाईंनी मला विचारलं नाही.

"परत नेतो," मी म्हणालो.
"कुणाच्या घरी?"

मग रचत बसलो, अंधार पडेपर्यंत.
खाली दोन वासे, जमिनीपासून वीतभर उंच.
साल वरच्या अंगाला.
दोन ढलप्यांत फट एवढी, की उंदीर पळावा
आणि मागचं मांजर अडावं.
वर पत्रा; बाजू मात्र उघड्या.
"डोकं झाकायचं," बाई म्हणाल्या, "सगळं झाकलं की कुजतं."
पैसे?
"वाळल्यावर."

तो हिवाळा त्यांनी काढला
शेडमधल्या जुन्या आल्डरवर, एका मोडक्या खुर्चीवर,
आणि मी रात्री फाटकाशी टाकून गेलेल्या चार पोत्यांवर,
ज्यांबद्दल त्या आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत.

दुसऱ्या सप्टेंबरात गेलो.
टोकांना मधून बाहेर चिरा गेलेल्या,
साल नखानेही सुटत होती.
दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या:
मागच्या साली धप्प, आता टण्ण.
"वाजतायत, बाई!"
"वाजू देत. फोड."

सुया आत. चष्मा कपाळावरून नाकावर.
सतरा.
"किती मार्क?"
"सतरा. या विषयात कमी पडले की पास."
वहीत तारीख लिहिली, पाकीट पुढे केलं.
मी मोजलं नाही.

रिकामी ट्रॉली खडखडत परतताना
एंडेलच्या जागेपाशी ट्रॅक्टर थांबवला. का, कोण जाणे.
चूल अजून उभी आहे, उघड्यावर, गवतात.
किटलीचं झाकण उचललं.
काठोकाठ पाणी.